तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्वोदॉफ्स्का कुठल्या?

फळ्यावर मी ‘मारिया स्क्वोदॉफ्स्का-क्युरी’ असं पूर्ण नाव लिहिलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. तास संपला की एखादी मुलगी हमखास टेबलाशी यायची. ‘मॅडम, पुस्तकात नुसतं मेरी क्युरी आहे. परीक्षेत काय लिहायचं?’ परीक्षेत पुस्तकातलं लिही बाई, असं सांगून मी मोकळी व्हायचे. आता निवृत्त झाले तरी प्रश्न काही सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, कुणी ना कुणी विचारतंच की ते मधलं आडनाव कसलं, कुठलं, आणि तुम्हाला त्याचा एवढा पुळका का. तुम्ही विचारलंतच आहे तर आज सगळं सांगते.

आधी उच्चार. पोलिश लिपीत एक ‘ल’ असा आहे की त्याच्या पोटातून तिरपी रेघ जाते. रेघ आली की ‘ल’चा ‘व’ होतो. म्हणून स्क्लो नाही, स्क्वो. आणि ‘स’च्या अलीकडचा ‘व’ ओठांत दबून ‘फ’सारखा निघतो. फ्रेंच छपाईत ती रेघ गळाली, तिथून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या पुस्तकांत ‘स्क्लोडोव्स्का’ आलं. एवढीशी रेघ, पण तिच्याशिवाय नाव हाकारलं तर पोलंडमध्ये कुणी मान वळवणार नाही.

मला हे कळलं पोलंडमधल्या लुब्लिन शहरात. नोकरीतून रजा काढून दोन वर्षं मी तिथल्या विद्यापीठात काम केलं. १९४४ साली, महायुद्ध अजून चालू असताना निघालेलं ते विद्यापीठ. त्याच्या नावात क्रम उलटा आहे, क्युरी आधी आणि स्क्वोदॉफ्स्का नंतर. वॉर्सातल्या कर्करोग संस्थेच्या नावात मात्र माहेर आधी. लुब्लिनचे लोक या वादात पडत नाहीत, ते आद्याक्षरांवर भागवतात. शिवाय विद्यापीठाच्या नावात ते ‘स्क्वोदॉफ्स्किये’ असं येतं, कारण पोलिशमध्ये आडनावालाही विभक्ती लागते. जोशी आणि जोश्यांचा, तसंच ते. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही.

आडनावाची घडण तर फारच ओळखीची. शेवटचं ‘स्की’ म्हणजे आपला ‘कर’. तार्नुव गावचा तार्नॉफ्स्की, तसा स्क्वोदी गावचा स्क्वोदॉफ्स्की. फरक एवढाच की ‘स्की’ व्याकरणाने विशेषण आहे, म्हणून बाई आली की ते बदलतं. नवरा स्की, बायको स्का, आणि सगळं कुटुंब मिळून स्क्वोदॉफ्स्त्सी. आपल्याकडे पाटलीणबाई, जोशीणबाई म्हणतात ना, तेच तिथे थेट सरकारी कागदावर. माझा एक पोलिश सहकारी बायकोला घेऊन आमच्याकडे फिरायला आला होता, तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर दोघांची आडनावं जुळत नाहीत म्हणून अर्धा तास खोळंबा झाला. एका अक्षराचा फरक, पण काउंटरवरच्या मुलाला संशय आला तो आला.

आता संख्येचं बघू. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या घरात आणि आडनावं चार लाखांच्या आसपास. पहिला नंबर नोवाकचा, दोनेक लाख माणसं. नोवाक म्हणजे नवा, गावात नव्याने आलेला. दुसरा कोवाल्स्की, त्याच्यात ‘कोवाल’ म्हणजे लोहार. नवा माणूस प्रत्येक गावात येतो आणि लोहार प्रत्येक गावाला लागतो. म्हणजे ही आडनावं एका मुळापासून पसरलेली नाहीत, शेकडो ठिकाणी आपापली उगवलेली आहेत, आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखी. गावावरून पडलेलं आडनाव त्या मानाने विरळ असायला हवं, पण तेही सरसकट खरं नाही. तिसऱ्या नंबरवरचा विश्निएफ्स्की गावावरूनच आलेला आहे. पण विश्न्या म्हणजे चेरी, आणि चेरीच्या नावाची गावं पोलंडभर. आपल्याकडे वडगावं आहेत तशी. मी माहेरची वडगावकर. आडनाव सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, ‘कुठलं वडगाव?’

स्क्वोदी मात्र एकच. एकच म्हणजे मझोव्या प्रांताच्या पूर्व टोकाला, झारेंबी कोश्चेल्ने आणि चिझेफ या गावांच्या आसपास विखुरलेला वाड्यांचा एक पुंजका. स्क्वोदी-प्योत्रोवित्से, स्क्वोदी-स्ताखी, ‘मधली स्क्वोदी’, ‘रानातली स्क्वोदी’, अशी जोडनावं. बुद्रुक आणि खुर्द ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सगळं मूळ या एवढ्याशा पट्ट्यात असल्यामुळे आज या आडनावाची माणसं पोलंडभर मिळूनही शेकड्यांतच मोजायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काझिमिएश रिमुत यांचा आडनावांचा दहा खंडी कोश होता. १९९० सालच्या सरकारी नोंदणीवरून केलेला, १९९२ ते ९४ मध्ये निघालेला. त्यात गोष्टी नाहीत, कथा नाहीत. आडनाव, पुढे आकडा, त्यापुढे तेव्हाच्या ४९ प्रांतांपैकी कुठे किती, एवढंच. टेलिफोन डिरेक्टरी वाचावी तसा मी तो वाचत बसायचे. नोवाकच्या नोंदीत सगळे प्रांत दाटीवाटीने उभे. आणि काही आडनावांपुढे नुसता एक, म्हणजे ते आडनाव लावणारा माणूस अख्ख्या देशात एकटाच. त्या एकाचं काय झालं असेल, हा विचार दोन दिवस डोक्यातून गेला नव्हता.

त्या वाड्या ज्यांच्या होत्या ते लोक श्लाख्ता, म्हणजे सरदार वर्गातले. पण सरदार म्हटल्यावर वाडा आणि हत्ती डोळ्यासमोर आणू नका. पोलंडमध्ये शंभरातले आठ-दहा लोक सरदार होते, मझोव्यात त्याहूनही जास्त. त्यातल्या पुष्कळांकडे ना कुळं ना गडी, स्वतःच नांगर धरायचा. कागद मात्र सरदारकीचा. ‘आपल्या अंगणातला सरदार सुभेदाराच्या बरोबरीचा’ अशी त्यांची म्हणच आहे. वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून ओळखायला घरोघर वेगळी टोपणनावं. स्क्वोदॉफ्स्कींचं चिन्ह ‘दोवेंगा’: निळ्या जमिनीवर घोड्याचा नाल, नालावर क्रूस, आत खाली टोक केलेला बाण. हे चिन्ह एका घराण्याचं नसतं, कितीतरी वेगवेगळी आडनावं तेच लावतात. देवकासारखं म्हणावं तर लग्नाचे नियम त्याला जोडलेले नाहीत. आणि शेवट ‘स्की’ म्हणजे सरदार, हाही गैरसमज. पुढे साध्या कुणब्यांनीही हौसेने आणि सोयीने ‘स्की’ जोडून घेतलं.

मी स्क्वोदीला गेले ती १ नोव्हेंबरला. त्या दिवशी अख्खा पोलंड स्मशानात असतो. आपल्या सर्वपित्रीची आठवण यावी असा दिवस, फक्त जेवणाच्या जागी दिवे. काचेच्या रंगीत भांड्यातली मेणबत्ती, तिला झ्नीच म्हणतात, ती प्रत्येक थडग्यावर. लुब्लिनच्या मैत्रिणीचं आजोळ त्याच भागातलं, तिच्या गाडीतून गेलो. सपाट शेतं, दुधाच्या गाई, आणि वळणावर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव. मी गाडी थांबवायला लावली आणि पाटीचा फोटो काढला. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, इथे काहीच नाहीये.’ खरंच नव्हतं.

दफनभूमीत मात्र होतं. ‘स्क्वोदॉफ्स्कींचं कुटुंब’ असं कोरलेला काळा दगड. नावांच्या आधी दोन आद्याक्षरं, ‘पवित्र स्मृतीतले’ अशा अर्थाची, आपण कै. लिहितो तशी. आणि बायकांच्या नावापुढे ‘झ दोमु’ आणि एक आडनाव. झ दोमु म्हणजे ‘घरची’, सरळ सांगायचं तर माहेरची. दगडावर माहेर कोरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या आजीच्या फोटोखाली तिचं माहेर लिहिलेलं नाही. घरात आता ते ठाऊक असलेली मी एकटीच.

मारियाचे आजोबा युझेफ स्क्वोदॉफ्स्की याच मातीतल्या घराण्याचे, पण शेती सोडून मास्तर झाले आणि लुब्लिनच्या शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे मोठा कादंबरीकार झालेला बोलेस्वाफ प्रूस त्यांच्या शाळेतला. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या ताब्यात होता, आणि रशियाविरुद्धच्या १८३० आणि १८६३च्या उठावांत अशा कुटुंबांची होती नव्हती ती मालमत्ता गेली. उरली ती मास्तरकी. मारियाचे वडील व्वादिस्वाफ गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. पोलिश बाण्यामुळे रशियन वरिष्ठांच्या मनातून उतरले. १८६८पासून तर तिकडची जन्म-मृत्यूची दफ्तरंसुद्धा रशियन भाषेत लिहिली जायला लागली. कुळ शोधणाऱ्याला एकाच घराण्यासाठी दोन लिप्या वाचाव्या लागतात त्या यामुळे. आपल्याकडे जुन्या कागदासाठी मोडी वाचणारा धुंडाळावा लागतो, त्यातलाच प्रकार.

मारिया १८९१ला पॅरिसला गेली आणि विद्यापीठात ‘मारी’ झाली. १८९५च्या जुलैमध्ये पिएर क्युरीशी लग्न झालं. आता पुढचं नीट बघा, माझं सगळं म्हणणं इथे आहे. एप्रिल १८९८मध्ये युरेनियम आणि थोरियमच्या किरणांवरचा तिचा एकटीचा निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आला, त्यावर नाव ‘मादाम स्क्लोदोव्स्का क्युरी’. रेघ गळालेली, पण आडनाव होतं. जुलैमध्ये नवऱ्याबरोबरचा निबंध आला. त्यात पोलोनियम हे नाव सुचवलं होतं, तेव्हा नकाशावर नसलेल्या पोलंडच्या नावावरून. त्यावर सही पी. क्युरी आणि मादाम एस. क्युरी. ‘एम’ नाही, ‘एस’. मारिया नाही, स्क्वोदॉफ्स्का. १९०३च्या प्रबंधावरही पुन्हा पूर्ण आडनाव. म्हणजे तिने ते टाकलं नव्हतं. आपण टाकलं.

लुब्लिनच्या जुन्या बाजारात मी १९८९ सालची वीस हजार झ्वॉतींची नोट विकत घेतली, तिच्यावर बाई आहेत. १९९५मध्ये चार शून्यं कापली गेली आणि त्या नोटेची किंमत दोन झ्वॉती उरली. त्याच वर्षी फ्रान्सने पाचशे फ्रँकची नोट काढली, तिच्यावर ‘पिएर आणि मारी क्युरी’. एकीवर माहेर आहे, दुसरीवर नाही. युरोपीय संघाची संशोधकांसाठीची जी शिष्यवृत्ती आहे, तीही आधी नुसत्या मारी क्युरींच्या नावाची होती, २०१४पासून ‘स्क्वोदॉफ्स्का’ जोडलं. पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं ती मिळवून तिकडे जातात. जाणाऱ्याला मी उच्चार घोटवून घेते. बहुतेकांना कंटाळा येतो.

आता पुळका का, ते. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. सुनंदा वडगावकर जाऊन मेधा आणि दुसरं आडनाव. नाव वाईट नव्हतं, हौसेनेच ठेवलं होतं सगळ्यांनी. पण एम.एस्सी.चं प्रमाणपत्र सुनंदाचं, पहिले दोन शोधनिबंध सुनंदाचे, आणि नोकरीचा अर्ज मेधाचा. मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं, ‘हे पेपर कुणाचे जोडलेत?’ मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट, फोटोप्रतींची चळत. त्यानंतर मी नावाच्या मध्ये ‘व.’ घालायला लागले. मला तेव्हा मादाम एस. क्युरी ठाऊक नव्हत्या. ग्रंथालयात तो ‘एस’ पाहिला तेव्हा ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं.

आणि त्या दफनभूमीतली एक गोष्ट राहिली. काळ्या दगडाशी एक आजी झ्नीच लावत होत्या. वारा होता, काडी विझत होती, मी तळहाताचा आडोसा धरला. मैत्रिणीने मी कोण, कुठली ते सांगितलं. आजींनी मला निरखून विचारलं, ‘आणि झ दोमु?’ मी म्हटलं वडगावकर, आमच्याकडेही गावावरूनच आडनाव पडतं. त्यांना फार आवडलं. ‘मोठं आहे का गाव? चर्च आहे?’

मला सांगता येईना. आमचं वडगाव कुठलं, ते फक्त आजोबांना ठाऊक होतं.