डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यावरची चरित्रनोंद लिहिताना : माझा अनुभव

डॉक्टर, मग कुलगुरू, मग सरकारचा आरोग्य-सल्लागार, अशा माणसाची चरित्रनोंद लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. पदांची यादी कुठेही मिळते. एका पदाने दुसऱ्या पदाला काय दिलं, ते मात्र यादीत सापडत नाही, आणि नोंद वाचण्याजोगी होते ती त्यामुळेच. मद्रासच्या डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यावरची नोंद मी कोणत्या क्रमाने केली आणि कुठे सांभाळावं लागलं, ते इथे मांडते आहे. अशा दुसऱ्या कुणावर लिहायचं असेल तरी हाच क्रम चालेल.

सुरुवात नावापासून. बी.एड. केलेल्यांना ‘मुदलियार आयोग’ म्हणजे १९५२-५३ चा माध्यमिक शिक्षण आयोग माहीत असतो. एमबीबीएसला पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) शिकलेल्यांना ‘मुदलियार समिती’ म्हणजे आरोग्य सर्वेक्षण व नियोजन समिती माहीत असते. दोन्हींचे अध्यक्ष एकच, हे दोन्हीकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यामुळे शोध घेताना नुसतं ‘मुदलियार अहवाल’ म्हटलं की शिक्षणाची पानं आरोग्यात मिसळतात. समितीचं पूर्ण नाव लिहूनच शोधायचं.

खरा घोळ याच्या पुढे आहे. १४ ऑक्टोबर १८८७ ला जन्मलेले हे जुळे भाऊ. दुसरे आर्कॉट रामस्वामी मुदलियार, म्हैसूरचे दिवाण, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे १९४६ मधले पहिले अध्यक्ष. तेही कुलगुरू होते, त्रावणकोर (पुढे केरळ) विद्यापीठाचे, आणि त्या वर्षांत लक्ष्मणस्वामी मद्रासचे कुलगुरू होतेच. म्हणजे ‘कुलगुरू डॉ. मुदलियार’ एवढ्याच उल्लेखावर कोणतंही भाषण, पत्र किंवा छायाचित्र लक्ष्मणस्वामींच्या नावावर टाकता येत नाही. मी प्रत्येक कागदावर तीन गोष्टी पाहिल्या: आद्याक्षरं ‘ए. एल.’ आहेत की ‘ए. आर.’, विद्यापीठ कोणतं, आणि विषय वैद्यकाचा आहे की अर्थ-राजकारणाचा. यातल्या दोन जुळल्याशिवाय कागद नोंदीत घेतला नाही.

त्यानंतर कालपट. डावीकडे वर्षं आणि पुढे तीन रकाने: रुग्णालय व अध्यापन, विद्यापीठ, समित्या. पहिल्या रकान्यात प्रसूतिशास्त्राचे अध्यापक, या विषयावरच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक, १९३९ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. दुसऱ्यात १९४२ ते १९६९ सलग सत्तावीस वर्षं मद्रास विद्यापीठाचं कुलगुरुपद. तिसऱ्यात भोर समितीचं, म्हणजे देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करून आराखडा द्यायला १९४३ मध्ये नेमलेल्या समितीचं, सदस्यत्व, माध्यमिक शिक्षण आयोग, १९५९-६१ ची आरोग्य समिती आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या चौदाव्या जागतिक आरोग्य सभेचं (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेचं) अध्यक्षपद.

रकाने भरले की लगेच दिसतं, की ‘डॉक्टर, मग कुलगुरू, मग सल्लागार’ असे टप्पे इथे नाहीतच. तिसरा रकाना जवळजवळ सगळा दुसऱ्याच्या पोटात आहे. सल्ला देण्याचं मोठं काम त्यांनी कुलगुरू असतानाच केलं. आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते या कारकिर्दीचा गाभा तिथेच आहे: १९४६ च्या भोर अहवालावर समितीचा सदस्य म्हणून ज्यांची सही आहे, त्यांनाच तेरा वर्षांनी, त्या अहवालानंतर प्रत्यक्षात काय झालं हे तपासणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं गेलं. आपणच मान्य केलेल्या आराखड्याचा हिशेब घ्यायची वेळ फार थोड्यांवर येते. म्हणून हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचायचे, यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला.

भोर अहवालाचे चार खंड आहेत: पाहणी, शिफारशी, परिशिष्टं आणि सारांश. बहुतेक जण सारांशाचा खंड वाचून थांबतात. मी आधी शिफारशींचा खंड घेते, मग त्यातल्या आकड्याचा उगम शोधायला पाहणी आणि परिशिष्टं. या अहवालात दोन आराखडे आहेत, जवळचा आणि लांबचा, आणि ते हमखास एकमेकांत मिसळले जातात. जवळच्या आराखड्यात ४०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, एक औषधनिर्माता असा कर्मचारीवर्ग. लांबच्या आराखड्यात १०,००० ते २०,००० लोकसंख्येला ७५ खाटांचं रुग्णालय. ‘भोर समितीने दर ४०,००० लोकांना ७५ खाटा सांगितल्या’ असं वाक्य कुठे दिसलं, तर दोन आराखड्यांची ती भेसळ आहे.

मुदलियार समितीच्या अहवालात आधी कार्यकक्षा वाचायची. भोर अहवालानंतरच्या प्रगतीचं मूल्यमापन, पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांचा आढावा आणि पुढची दिशा, एवढं काम समितीला दिलं होतं. हे डोक्यात नसेल तर तिच्या शिफारशी उगाच सावध वाटतात. १९५२ पासून सामुदायिक विकास या ग्रामविकासाच्या सरकारी कार्यक्रमात प्रत्येक विकासगटाला जी आरोग्य केंद्रं निघाली, त्यांच्यावर साठ हजार ते लाखभर लोकसंख्येचा भार होता आणि खाटा होत्या सहा. समितीने म्हटलं, नवी केंद्रं काढण्याआधी असलेली नीट उभी करा, एका केंद्राकडे ४०,००० हून जास्त लोकसंख्या नको, जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ सेवा आणा. पंधरा वर्षांपूर्वीचा ४०,००० चा आकडा इथे पुन्हा येतो, पण त्याची जागा बदललेली आहे. भोर अहवालात ती सुरुवात होती, १९६१ मध्ये ती कमाल मर्यादा झाली. मला हा सगळ्या वाचनातला सर्वांत बोलका तपशील वाटतो.

वर्षांबद्दल एक सूचना. समिती नेमली १९५९ मध्ये, अहवाल पुरा झाला १९६१ मध्ये, आणि संदर्भांत कित्येकदा १९६२ आढळतं. नेमणूक, सादरीकरण आणि छपाई या तीन तारखा वेगळ्या लिहिल्या की विसंगती आपोआप सुटते.

आता श्रेयाचा प्रश्न. समितीचं म्हणणं अध्यक्षाच्या तोंडी घालायचं नाही. ‘मुदलियारांनी सांगितलं’ असं न लिहिता ‘समितीने शिफारस केली’ असंच लिहायचं. कुणाचं वेगळं मत होतं, ते भिन्नमताच्या टिपणांत पाहायचं. भोर समितीत लायसन्शिएट, म्हणजे एमबीबीएसहून कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम चालू ठेवायचा की नाही, यावर सदस्यांत एकमत नव्हतं. भाषणं आणि सहीचे लेख मात्र व्यक्तीचे म्हणून वापरता येतात.

शिफारस झाली, स्वीकारली गेली आणि अमलात आली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय प्रशासन सेवेच्या धर्तीवर अखिल भारतीय आरोग्य सेवा असावी, अशी मुदलियार समितीची शिफारस होती. १९६३ मध्ये अखिल भारतीय सेवा कायद्यात दुरुस्ती होऊन वन, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय-आरोग्य अशा तीन सेवांची तरतूद झाली. वन सेवा १९६६ मध्ये आली. वैद्यकीय सेवा कायद्यात राहिली, प्रत्यक्षात आली नाही. दोन-तीन जिल्ह्यांवर एक प्रादेशिक अधिकारी असावा, हीही शिफारस होती. आपल्याकडच्या आरोग्य परिमंडळाचा उपसंचालक पाहिला की ती ओळखीची वाटते. पण साम्य दिसलं म्हणून वारसा लिहायचा नाही, मधला शासननिर्णय हाती हवा. एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागच्या लोकसंख्येचा निकषही नंतर हलत राहिला: १९७३ च्या कर्तारसिंग समितीने ५०,००० म्हटलं, आज सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० आहे.

विद्यापीठाचा रकाना सर्वांत लांब आणि लिहायला सर्वांत कठीण. सत्तावीस वर्षांत घडलेलं सगळं कुलगुरूंच्या खाती टाकायचा मोह होतो. १९४२ ची आणि १९६९ ची महाविद्यालयांची संख्या शेजारी मांडून वाढ दाखवणं तर चूकच, कारण विद्यापीठाचं क्षेत्रच बदललं. राज्यांच्या सीमा बदलल्या, १९६६ मध्ये मदुराई विद्यापीठ वेगळं निघालं. इथे मी सिनेट आणि सिंडिकेट या विद्यापीठाच्या कारभारी मंडळांच्या कार्यवृत्तात ज्याचा ठराव आहे तेवढंच घेतलं.

शेवटी काटछाट. पद्मभूषण (१९५४) आणि पद्मविभूषण (१९६३) यांना एक ओळ, जागतिक आरोग्य सभेला एक वाक्य, तारामणी इथल्या त्यांच्या नावाच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेला अर्धं. १९४६ ते १९६१ या पट्ट्याला नोंदीचा तिसरा हिस्सा ठेवला. पक्का मसुदा एकदा पीएसएमच्या शिक्षकाकडे आणि एकदा शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकाकडे वाचायला द्यावा, कारण प्रत्येकाला त्यातले एकच मुदलियार ओळखीचे असतात.