बेलम गुंफा: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

कान्हेरी, घारापुरी, महाकाली या आपल्या जवळच्या गुंफा माणसाने कोरल्या, तेही लाव्हाच्या काळ्या कातळात. हा कातळ चुनखडकासारखा विरघळत नाही. पाण्याने कोरलेली गुंफा बघायची तर दख्खनच्या कातळाबाहेर पडावं लागतं. म्हणून आम्ही आंध्रातलं बेलम गाठलं.

सोलापूर, गुंटकलमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने ताडिपत्रीला उतरायचं. तिथून गुंफा साधारण तीस किलोमीटर. आपली गाडी ताडिपत्रीला थांबते का, हे तिकीट काढतानाच बघा. येण्याजाण्याची रिक्षा ठरवून ती थांबवून ठेवा, परतीला वाहन मिळेलच असं नाही.

वरून दिसतं ते सपाट माळरान. त्यात जमीन खचून विहिरीसारखी तीन तोंडं पडलीत, मधल्यातून जिना उतरतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि फटीफटींतून चुनखडक विरघळवत जातं. अशा भूप्रदेशाला कार्स्ट म्हणतात. हे नाव स्लोव्हेनिया-इटली सीमेवरच्या पठाराचं. बेलमची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर आहे, पण पर्यटकांना त्यातला काही भागच खुला आहे.

कोटिलिंगालु दालनात घाई करू नका. छतातून लोंबणाऱ्या एखाद्या लवणस्तंभाच्या टोकाकडे नीट बघा. तिथे थेंब जमतो, त्यातला वायू उडतो आणि चुन्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. अशा थरांवर थर चढून तो स्तंभ झालाय. कृपा करून हात लावू नका, हाताचं तेल लागलं की वाढ खुंटते. सप्तस्वराल दालनात स्तंभांवर टिचकी मारून नाद ऐकायचा मोह होतो. तोही आवरा.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा, सुमारे ४६ मीटर खाली. तिथला झरा जमिनीच्या पोटात गडप होतो. मला सगळ्यात भावलं ते हेच ठिकाण, कारण गुंफा घडवणारं पाणी इथे डोळ्यांसमोर वाहताना दिसतं.

आत विलक्षण दमट उकाडा असतो. हवा खेळती ठेवायला नळ बसवलेत, तरी घामाच्या धारा लागतात. सुती कपडे, न घसरणारे बूट आणि पाण्याची बाटली हवीच. दमेकऱ्यांनी आणि गुडघेदुखीवाल्यांनी पाताळगंगेचा उतार टाळावा. माझी आई वरच थांबली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी गुंफा उघडताच आत शिरा, गर्दी कमी मिळते. हाताशी आणखी एक दिवस असेल तर पेन्नार नदीची गंडिकोटा घळ आणि ताडिपत्रीचं बुग्गा रामलिंगेश्वर मंदिर याच फेरीत होतं.