आमची वाटचाल : एका जीन्सपुरतं रंगाचं पाकीट

जीन्स लवकर फाटत नाही हो, विटते. गुडघ्यावर, मांडीवर, खिशाच्या कडेला पांढरट पडते आणि मग ती "घरात घालायची" होते, आणि मुंबईतल्या कपाटात असल्या कपड्यांना किती जागा असते ते आपल्याला माहितीये. आमचा अख्खा धंदा एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे. एका जीन्सला पुरेल एवढा रंग आम्ही पाकिटातून विकतो, घरच्या बादलीत रंगवायचा. सगळं लालबागमधूनच चालतं. मी, माझी जाऊ, आणि सल्लागार म्हणून आमचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पगार घेत नाहीत, पण बोलतात रोज.

माझं आधी अल्टरेशनचं काम होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, रफू. लॉकडाऊन उठल्यावर लोक जुने कपडे घेऊन यायला लागले आणि सगळ्यांचं एकच, कापड मस्त आहे, फिटिंग मस्त आहे, फक्त रंग गेलाय, काही होईल का. मी नाही म्हणून परत पाठवत होते. अण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, का नाही होणार? अण्णा इंडिया युनायटेड सहा नंबरला होते, म्हणजे दादरची इंदू मिल, जिथं आता बाबासाहेबांचं स्मारक होतंय. ती मूळची रंगाईचीच गिरणी. १९८२ चा संप झाला आणि त्यानंतर त्यांनी वॉचमनपासून कुरियरपर्यंत सगळं केलं पण रंगाला काही हात लागला नाही. त्यामुळे त्यांच्या डोक्यात मापं अजून तशीच्या तशी आहेत, कापडाच्या वजनाला किती टक्के रंग, लिटरला किती सोडा, विचारा आणि ऐका.

जीन्स विटते का ते मला त्यांच्याकडूनच कळलं. इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, पाण्यात विरघळत नाही, त्याला हायड्रोस आणि कॉस्टिक ही रसायनं घालून विरघळवावं लागतं, तेव्हा तो पिवळट हिरवा दिसतो, सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हवा लागून निळं होतं. हे पुन्हा पुन्हा करतात पण रंग धाग्याच्या वरच्या थरातच बसतो, आतला गाभा पांढराच. घासलं की वरचा थर जातो आणि पांढरं दिसायला लागतं. त्यात फक्त उभा धागा निळा असतो, आडवा पांढरा, म्हणून जीन्स उलटी केली की आतून फिकी दिसते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सुरुवातीला आम्ही लोकांच्या जीन्स घेऊन स्वतःच रंगवत होतो, मोरीत, सकाळी पाणी असेल तेवढ्या वेळात. काम यायला लागलं तसं वाटलं एखादा गाळा घेऊन नीट करूया, मग चौकशी केली तर कळलं की कापड रंगाई प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रेड कॅटेगरीत, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत येते, परवानगी, सांडपाण्यावर प्रक्रिया, हे सगळं आलं, आणि ते बरोबरच आहे म्हणा, रोज पिंपभर रंगाचं पाणी गटारात सोडणं काही बरं नाही. तेवढं भांडवल आमच्याकडे नव्हतं. मग जाऊ म्हणाली की आपल्याकडे लोक येतात ते रंग मिळत नाही म्हणून नाही येत, मस्जिद बंदरला वडगादीत रंग ढिगानं मिळतो, त्यांना माप माहीत नसतं म्हणून येतात. तर आपण माप विकूया. माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच, आणि ती ते दर दिवाळीला ऐकवते.

आता माप कुणाचं, तर मुंबईतल्या घराचं. एका जीन्सला बारा-चौदा लिटर पाणी लागतं, एवढं पाणी उकळायला भांडं नाही, जागा नाही, आणि स्ट्रेच जीन्समधली लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, त्याची उकळून वाट लागते ती वेगळीच. म्हणून उकळायचा डायरेक्ट रंग आम्ही बाजूला ठेवला आणि कोमट पाण्यात बसणारा रिअॅक्टिव्ह घेतला, व्यापारी ज्याला कोल्ड ब्रँड म्हणतात तो. गीझरचं पाणी आणि वीस लिटरची बादली, बास. खरा इंडिगो का नाही देत असं बरेच जण विचारतात. हायड्रोसला ओल लागली की तो स्वतःच तापतो, पेटूही शकतो, आणि कॉस्टिकनं कातडी भाजते. मुंबईच्या पावसाळ्यात असला माल मी कुणाच्या बाथरूममध्ये पाठवणार नाही, कितीही मागितला तरी.

मीठ आम्ही देत नाही. लिटरला पन्नास ग्रॅम म्हणजे एका जीन्सला सहाशे-सातशे ग्रॅम मीठ लागतं, ते कुरियरनं पाठवणं म्हणजे वेडेपणा, तुमच्या घरात आहे, आयोडीनचं चालतं. सोडा मात्र देतो, कारण तिथं लोक हमखास खायचा सोडा टाकतात. धुण्याचा सोडा लागतो, सोडा अॅश. आणि तो शेवटी. आधी रंग आणि मीठ, अर्धा तास हलवत राहायचं, कापडाच्या घडीत रंग गेला पाहिजे, मग सोडा वेगळ्या मगात विरघळवून हळूहळू, मग तासभर. मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, सोडा त्याला तिथं पक्का करतो. सोडा पडला की रंग पाण्याशीही लागतो आणि वाया जातो, म्हणून उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवून काही उपयोग नाही, टाकून द्या. पावडर विरघळवताना तोंडाला मास्क लावा, ती नाकात जाता कामा नये. अॅल्युमिनियमचं काही वापरू नका, सोडा त्याला खातो.

पाण्याचं एक सांगते. बीएमसीचं पाणी तलावांचं, भातसा, वैतरणा, तानसा, मऊ असतं, रंग छान बसतो. टँकर किंवा बोअरिंगचं असेल तर रंग फुटतो, डाग पडतात. उपनगरातल्या सोसायट्यांतून फोन आला की मी आधी पाणी विचारते, मग रंग.

निळ्या शेडवर सगळ्यात जास्त वेळ गेला. नुसता रॉयल ब्लू वापरला तर जीन्स जीन्स वाटत नाही, गणवेश वाटतो. नेव्हीत किंचित काळा घालून अण्णांनी जे बसवलंय ते मी इथं सांगणार नाही, धंदा आहे. काळ्याचं पाकीट मोठं आणि महाग आहे कारण काळ्याला निळ्याच्या दुप्पट रंग लागतो, कमी पडला की जांभळट नेव्ही येतो. आणि विक्री काळ्याचीच जास्त, ऑफिसवाल्यांमुळे.

आता न होणाऱ्या गोष्टी. या आम्ही पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापतो, मागे नाही. रंगवलेली जीन्स आतूनही निळी होते, कारण आडवा पांढरा धागाही रंग घेतो, म्हणजे बॉटम फोल्ड करून घालणाऱ्याला फरक दिसणार. सगळी जीन्स गडद होते पण गुडघा बाकीच्यापेक्षा एक शेड फिकाच राहतो. शिलाईचा पिवळा धागा बहुतेक पॉलिस्टरचा, तो तसाच राहतो, आणि खरं तर त्यामुळेच जीन्स छान दिसते. मागचा लेदरचा पॅच खराब होऊ शकतो, आवडता असेल तर उसवून ठेवा. कापडातच पॉलिस्टर जास्त असेल तर रंग फिकट येणार. लेबल गेलेलं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा, कापडाचा धागा हं, शिलाईचा नाही. राख झाली, कागद जळल्याचा वास आला तर कॉटन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. फोटो पाठवणाऱ्या बऱ्याच जणांना आम्ही पाकीट घेऊ नका म्हणून सांगतो. एका ओळखीच्या दुकानदारानं मला सांगितलं की ताई हे सगळं पुढे छापलंत तर माल कोण घेणार. घेतात. आणि परत आलेलं पाकीट आमच्याकडे फार क्वचित असतं, कारण माणसाला काय होणार ते आधीच माहीत असतं.

बाकी कागदपत्रं वगैरे, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, एवढंच. पॅकिंग चाळीतल्या बचत गटाच्या बायका करतात. पावसाळ्यात सोडा दगड होतो म्हणून डबल पिशवी.

वाळवताना उलटी करून, सावलीत, आणि खाली बादली ठेवा. पहिल्या धुण्यांना थोडा रंग सुटतोच, गरम पाणी आणि साबणानं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या पांढऱ्या चादरीवर ठिपके पडले तर भांडण तुमचं, आमचं नाही.

डेनिम जॅकेटचं वेगळं पाकीट करतोय, त्याला वजन जास्त आणि अस्तर कशाचं आहे ते बघावं लागतं, दिवाळीनंतर येईल. तोवर जॅकेटचं सुकं वजन किलोच्या वर असेल तर जीन्सची दोन पाकिटं घ्या आणि पाणी, मीठ त्या हिशोबानं वाढवा. बादली पुरणार नाही, टब लागेल.