कीव्हमधलं एक वर्ष: "आता सवय झाली असेल ना?"

घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेला असतो. आई विचारते, मामी विचारते, कॉलेजच्या मैत्रिणी विचारतात. मी 'हो' म्हणते, कारण त्यांना तेवढाच धीर हवा असतो. पण सप्टेंबर 2023 मध्ये डॉक्टरकीचं शिक्षण पुरं करायला युक्रेनच्या राजधानीत, कीव्हला परतल्यापासून मी जे बघते आहे त्याला सवय म्हणणं मला पटत नाही. इथली माणसं रोज खपून आपला दिवस उभा करतात. ती धडपड बातम्यांत दिसत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी, परत का आले ते. रशियाने हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं तेव्हा, 2022 मध्ये, भारत सरकारच्या 'ऑपरेशन गंगा'तून आम्ही हजारो विद्यार्थी मायदेशी आलो. पुढे ऑनलाइन वर्ग झाले. पण पेशंटच्या पोटावर हात न ठेवता डॉक्टर होता येत नाही, आणि भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनलाही ते चालत नाही. त्यांच्या 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हावी लागते. आम्हाला दुसऱ्या देशात जाऊन शिकायची खास सवलत मिळाली होती, बऱ्याच जणांनी ती घेतलीही. माझं थोडंच शिक्षण उरलं होतं आणि डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं. दुसरीकडे नव्याने पैसे भरायची ऐपत नव्हती. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच तिकीट काढून आणलं.

तिकीट पोलंडपर्यंतचंच. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे पुढे रेल्वे. गाडी मात्र वेळेवर पोचते. युद्धाच्या काळातही इथल्या रेल्वेवाल्यांनी गाड्या चालू ठेवल्या, याचा लोकांना फार अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

युद्धाने माझ्याकडून सगळ्यात आधी झोप नेली. शहरात रात्री बारा ते पहाटे पाच संचारबंदी असते. स्फोटकं घेऊन येणारे शाहेद ड्रोन बहुतेक रात्रीच येतात. लांबून मोपेड यावी तसा घरघर आवाज येतो, जवळ येतो, आणि तो थांबला की पोटात गोळा येतो. मोबाइलवरचं अ‍ॅप भोंगा वाजवतं. मग टेलिग्रामवर बघायचं: ड्रोन की क्षेपणास्त्र, कुठल्या दिशेने, किती. रशियातून मिग-31 के जातीचं विमान नुसतं उडालं तरी अख्ख्या देशात भोंगा वाजतो, कारण त्याच्यावर किंझाल क्षेपणास्त्र असू शकतं आणि ते काही मिनिटांत कुठेही पोचतं. बऱ्याचदा विमान उतरतं, भोंगा संपतो आणि काहीच होत नाही. पण तोवर रात्र गेलेली असते.

घरात थांबायचं तर दोन भिंतींचा नियम पाळायचा. बाहेरची भिंत स्फोटाचा धक्का घेते, आतली भिंत काचा आणि तुकडे अडवते, म्हणून दोन भिंतींआड, खिडकीपासून लांब बसायचं. आमच्या घरात ती जागा म्हणजे बाथरूमबाहेरचा बोळ. माझी गादी आता कायमची तिथेच असते. हल्ला मोठा असला की जमिनीखालचं मेट्रो स्टेशन गाठायचं. लोक घडीच्या खुर्च्या, चटया, मुलं, कुत्री, मांजरं घेऊन प्लॅटफॉर्मवर येतात. एक बाई पोराच्या कानावर हात ठेवून त्याला गोष्ट सांगत होती. खाली आवाज येतही नव्हता, तरी तिने हात काढले नाहीत.

आणि सकाळी आठला सगळे वॉर्डात हजर! डोळे लाल, पण इस्त्रीचे एप्रन. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. नऊ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट मौन असतं, रोज. राउंड थांबतो, जो तो जिथे असेल तिथे उभा राहतो. मग पुढचा पेशंट.

विजेचं दुखणं 2024 च्या उन्हाळ्यात फार वाढलं. एप्रिल 2024 मध्ये कीव्हजवळचं ट्रिपिल्स्का वीजकेंद्र क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त झालं, इतर केंद्रांवरही मारा चालूच होता. मग वीज वेळापत्रकाने येऊ लागली आणि आयुष्य त्या तक्त्यावर चालू लागलं. वीज गेली की उंच इमारतीत पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. त्यामुळे वीज असेल तेव्हा सगळं एकदम करायचं: भात लावायचा, बादल्या भरायच्या, पॉवर बँक चार्ज करायच्या, मशीन लावायचं, मग ते रात्री दोनला का असेना. आमच्या लिफ्टमध्ये कोणीतरी एक खोकं ठेवलं आहे. त्यात पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, टॉर्च आणि ओले रुमाल असतात, शेजारी एक छोटं स्टूल. कोणी मध्येच अडकलं तर त्याची सोय. खोकं कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ते कधी रिकामं झालेलं मी पाहिलेलं नाही.

8 जुलै 2024 बद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते टाळून या वर्षाबद्दल काय सांगणार? सोमवार होता, सकाळची वेळ, शहर कामाला लागलेलं. ओखमादित नावाच्या, देशातल्या सर्वांत मोठ्या बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. डायलिसिस जिथे होत असे ती इमारत कोसळली. कॅन्सरवर उपचार घेणारी मुलं सलाइनसकट रस्त्यावर आणून बसवली होती. त्या दिवशीच्या हल्ल्यांत देशभरात चाळीसहून अधिक माणसं गेली. आम्ही काही विद्यार्थी दुपारी पाणी आणि हातमोजे घेऊन गेलो. डॉक्टर, सैनिक, दुकानदार, शाळकरी पोरं रांग करून विटा हातोहात पुढे देत होती. कोणी ओरडत नव्हतं. मध्येच सगळ्यांना गप्प राहायची खूण व्हायची, ढिगाऱ्याखालून आवाज येतो का ते ऐकायला. मी बालरोगाकडे वळायचं म्हणते आहे, त्याचं मूळ त्या दुपारी आहे. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

माझ्या बरोबरीच्या युक्रेनी मुलांचं ओझं वेगळंच आहे. 2024 मध्ये 18 ते 60 वयाच्या पुरुषांना, काही अपवाद सोडले तर, देश सोडता येत नव्हता. सैन्यात सक्तीने भरतीचं किमान वय त्याच वर्षी 27 वरून 25 वर आलं. शेजारच्या आजींचा नातू आघाडीवर आहे. त्याचा मेसेज आला की त्या जिन्यात भेटेल त्याला सांगतात. शहीद सैनिकाची गाडी जाते तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसतात, हातातल्या पिशव्या बाजूला ठेवून. मी परदेशी, कंटाळा आला तर रेल्वेने निघून जाऊ शकते. हे मला रोज जाणवतं, आणि म्हणूनच 'आम्हाला सवय झाली' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

बारावीची मुलं आणि त्यांचे पालक मला मेसेज करून विचारतात, फी कमी आहे तर युक्रेनला प्रवेश घ्यावा का? माझं स्पष्ट उत्तर 'नको' असं आहे, एजंट काहीही सांगो. ज्यांची शेवटची वर्षं राहिली आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मी भोंग्याचं अ‍ॅप, जवळचा निवारा आणि भारतीय दूतावासात नोंदणी, एवढं आधी करायला सांगते. परवा असाच एक मुलगा आला, त्याला खोली दाखवायला मी गेले होते. त्याने आधी वायफाय विचारलं. मी त्याला बोळ कुठे आहे ते दाखवलं.