आमची वाटचाल : इरकल आणि टोपपदराचा आग्रह

सोलापुरात इरकली लुगड्यांचा व्यापार माझ्या सासऱ्यांनी सुरू केला, तेव्हा आमचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या बायका होत्या. लुगड्याच्या अंगाचे, म्हणजे पदर सोडून उरलेल्या भागाचे, सूत घाम शोषून घेते, डोक्यावरचा रेशमी पदर सणासमारंभाला शोभतो आणि लुगडे शेतातही टिकते, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता. पुढे घराघरांतल्या सुनांनी सहावारी स्वीकारली आणि 9 वारी लुगड्याचा, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापडाचा, खप झपाट्याने उतरला. दुकान माझ्याकडे आले ते याच काळात.

आम्ही सहावारी इरकल ठेवू लागलो, परंतु टोपपदर, म्हणजे वेगळ्या रेशमी ताण्याचा, अंगाला जोडून विणलेला पदर, सोडला नाही, आणि माझ्या मते इरकलचे सारे वैभव त्या पदरातच आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात इलकल येथे, ज्या गावावरून इरकल हे नाव आले, विणकर अंगाचा ताणा (मागावरचे लांबीचे उभे धागे) आणि पदराचा रेशमी ताणा वेगवेगळा तयार करतात, मग दोन्हींचे धागे एकमेकांच्या फाशात अडकवून जोडतात आणि त्यानंतरच विणायला बसतात. हा जोड प्रत्येक साडीसाठी नव्याने करावा लागत असल्यामुळे एकदा लांबलचक ताणा लावून साड्यांमागून साड्या विणत जाण्याची सोय इथे नाही. हातमागाची साडी महाग का, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. लाल पदरावर पांढऱ्या रेशमात फणीचे दाते, किल्ल्याचा तट, ज्वारीचे कणीस अशा आकृती उमटतात. काठ साधारण 4 ते 6 इंचांचा असतो. गोमी, परासपेठ आणि चिक्की ही काठाच्या प्रकारांची नावे जुन्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ असतात.

यंत्रमागावरची नक्कल बाजारात भरपूर आहे. ती विकणे गैर नाही, ती हातमागाची म्हणून विकणे गैर आहे, आणि म्हणून आम्ही दोन्हींची कपाटे वेगळी ठेवली आहेत. साडी उलटी करून अंग आणि पदर जिथे मिळतात तिथे बोट फिरवावे, म्हणजे खऱ्या इरकलीत जोडाची आडवी रेघ हाताला लागते. अंगाचेच धागे सरळ पदरात गेलेले दिसले, तर तो टोपपदर नव्हे.

अलीकडे महाविद्यालयांतल्या मुलीही गुळेदगुड्डच्या खणाचे ब्लाऊज शिवून घेऊन इरकल नेसतात, आणि मंगळागौरीच्या खेळांसाठी नऊवारीचीही मागणी पुन्हा येऊ लागली आहे. कुर्त्यांसाठी लागणारे इरकली कापड आम्ही पदराविना, वाराने विणलेले मागवतो. टोपपदराच्या साडीला मात्र आमच्या दुकानात कात्री लागत नाही. सुनेला हा हट्ट वाटतो, आणि आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.