व्हर्नियर आणि चौथा बाक

खंडेनवमीला आमच्या शॉपफ्लोअरवर नुसतं लग्नघर असतं. आदल्या शिफ्टलाच मशिनी पुसून लख्ख करतात, सीएनसीला झेंडूची माळ, प्रेसला माळ, फोर्कलिफ्टच्या आरशालासुद्धा माळ, आणि क्वालिटीच्या टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज अशी मापं घ्यायची सगळी हत्यारं ओळीनं मांडून त्यावर हळदकुंकू. मी ख्रिश्चन आहे हे सगळ्यांना माहितंय, कुणी आग्रह करत नाही, मी बाजूला उभा राहतो आणि बुंदी खातो. सतरा वर्षं झाली वाळूजला, बुंदीशी आपलं काही भांडण नाही. पण दरवर्षी त्या टेबलाकडं बघून एकच येतं मनात, की ह्या लोकांना माझं व्हर्नियर देवापुढं ठेवावंसं वाटलं, आणि आमच्या चर्चमधल्या एकालाही मी दिवसभर हातात काय धरून बसतो ते माहीत नाही.

खोटं कशाला बोलू, चर्च प्रार्थना करतं. नोकरी लागेपर्यंत तर दणकून करतं. आयटीआयच्या परीक्षेला प्रार्थना, इंटरव्ह्यूला प्रार्थना, लागली की उपकारस्तुती आणि पेढे, त्यानंतर डायरेक्ट रिटायरमेंटला शाल. मधली तीस-पस्तीस वर्षं चिडीचूप. साक्ष द्यायला उठणाऱ्यांचंही तेच, आजारातून उठल्याची साक्ष, पोराला जॉब लागल्याची साक्ष, पण 'सुपरवायझर खोटं लिही म्हणाला आणि मी लिहिलं' अशी साक्ष मी तरी अजून ऐकली नाही (दिली पण नाही म्हणा).

हार्वेस्टच्या सणाला हे जास्तच टोचतं. गावाकडची मंडळी ज्वारीची कणसं आणतात, तुरीच्या शेंगा, एखादा भलामोठा कोहळा, उपासना झाली की अंगणात लिलाव होतो आणि दोन काकांच्या इरेला पडण्यात तो कोहळा चारशेला जातो. आम्ही एमआयडीसीवाले पाकीट टाकतो. पाकिटाकडं बघून काय पिकलं ते कुणाला कळणार. आई जालन्याकडची, ती एकदा म्हणाली, "काहून, तुह्या कंपनीतला एखादा बोल्ट ठेव की वेदीवर." तेव्हा हसलो. पण इंग्लंडातल्या खेड्यांत जानेवारीत नांगर चर्चमध्ये आणून आशीर्वाद मागायची रीत आहे, प्लाउ संडे म्हणतात, मग नांगर चालतो तर बोल्टनं काय घोडं मारलंय? आणि आईच्याच जालन्याजवळ नारायण शेषाद्री ह्या मिशनरी पाळकांनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, बेथेल वसवलं ते नुसतं प्रार्थनेपुरतं नाही, अख्खं गाव वसवलं. गाव म्हटलं की रोजची भाकर आलीच.

बायबल तर कामधंद्यानं गच्च भरलेलंय. रूथ कापणीमागं शेतात पडलेला सरवा वेचते, आमच्याकडं हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक दिवसातून पाच वेळा मजूर बघायला बाजारात जातो, सकाळी आपल्या मजूर अड्ड्यावर उभं राहा, डिट्टो तेच. पौल राहुट्या करून पोट भरायचा. आणि मला सगळ्यात आवडतात ते जकातदार, बाप्तिस्मा घ्यायला योहानाकडं येतात आणि विचारतात आम्ही काय करावं, तर तो नोकरी सोडा म्हणत नाही, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हणतो, बस. एका वाक्यात ऑफिसचं काम सांगितलं की बाबानं.

मागच्या वर्षी एका रविवारी खोट्या तागडीवर उपदेश झाला. पाळकसाहेब किराणावाल्यावर बोलले, उसाच्या काट्यावर बोलले, लोक माना डोलवत होते, आणि मी चौथ्या बाकावर बसून घामाघूम, कारण माझी तागडी म्हणजे ते व्हर्नियर. एका लॉटमागं बत्तीस पीस मोजून रिपोर्ट भरायचा असतो, गाडी दारात उभी असते, डिस्पॅचवाला डोक्यावर बसलेला असतो, मग चार-पाच मोजायचे आणि बाकीचे आकडे थोडे इकडंतिकडं करून लिहायचे, सगळे सारखे लिहिले तर ऑडिटर पकडतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारं यंत्र हातात आणि रीडिंग मनातलं.

उपासनेनंतर हात मिळवताना सवयीनं "घरी सगळे बरे?" झालं, आणि कसं कोण जाणे मी म्हणालो, घरी बरंय, कंपनीत बरं नाही. ते नवीन होते, तरुण. दुसऱ्या दिवशी फोन, शिफ्ट कितीची?

दुपारी अडीचला गेटसमोरच्या टपरीवर आले, स्कूटीवर, साधा शर्ट. आमची पोरं बघतच राहिली, साहेब कोण म्हणून. मला वाटलं आता प्रार्थना सुरू करतात की काय चारचौघांत, पण त्यांनी दोन कट सांगितले आणि बॅगेतलं व्हर्नियर मागितलं. एक पार्ले-जी जबड्यात धरला, बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि जे रीडिंग सांगितलं ते साफ चुकीचं. मी दाखवलं, मेन स्केल आधी वाचायचं, मग खालची कुठली रेघ जुळते ती. दुसऱ्यांदा जमलं त्यांना, लेकरागत खूश झाले.

मग बिस्कीट चहात बुडवत विचारलं, "एका लॉटला किती मोजायचे असतात?"

"बत्तीस."

"आणि मोजता किती?"

तेवढ्यात भोंगा झाला. मी कप ठेवला, पंच करायला पळालो.

त्या दिवशी अकरा मोजले. गाडी वीस मिनिटं लेट गेली आणि डिस्पॅचवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.