दहा मिनिटांचा उजेड

"थांबा, आत्ता दिवा लागेल," शेजारच्या आजोबांनी हळूच सांगितलं. तोवर समोर काचेआड नुसता काळोखा चौकोन.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला, इराणच्या अर्दबील शहराचा गालिचा. रंग विटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त १० मिनिटं उजळतात. उजेड पडला आणि कुजबुज थांबली. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून रुंद. गर्द निळ्यावर वेलीच वेली, मधोमध पिवळंधमक तबक. दुपारभर चिनीमाती, चांदी, काच बघून डोळे थकले होते, पण इथून पाय निघेनात.

एका टोकाला नाव विणलंय, मकसूद काशानी. साल हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४०. मकसूद बहुधा काम करवून घेणारा. गाठी मारणारी बोटं दुसऱ्यांचीच, कितीतरी जणांची.

आजोबांनीच पुढचं सांगितलं. याचा एक जोड होता. त्याचे तुकडे कापून याची झिजलेली जागा भरली, आणि १८९३ मध्ये म्युझियमनं हा २००० पौंडांना घेतला. कापलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसमध्ये आहे, काठांविना.

ते ऐकल्यावर मी नक्षी पाहायची सोडून सांधे शोधत बसले. एकही सापडला नाही.

दिवा मंदावला. लोक पांगले. आम्ही दोघं पुढच्या फेरीसाठी तिथेच बसून राहिलो.

रात्री झोपताना तोच प्रश्न: एक अखंड दिसावा म्हणून दुसरा कापणाऱ्याचा हात थरथरला असेल का? तुम्हाला काय वाटतं?